आधी कॅसेट, मग बॅटरी

ता. ४ फेब्रुवारी

चि. बारक्या,

आशीर्वाद. टेम्पोवाल्याच्या हाती ह्यांचा सिंथेसायझर, तुमचा तो सिंथ, पाठवला आहे. दोन रजयांत गुंडाळलाय, रजया परत पाठव. टेम्पोवाला दर दोन-तीन दिवसांनी तुमच्याकडे माल घेऊन येतो. पत्रं त्याच्याच हाती देत जा, फोन करू नकोस. आमच्या इनमिन दोन खोल्या. वाचा गेली तरी तुझ्या काकांचे कान शाबूत आहेत, आणि मला जे सांगायचं असतं ते त्यांच्यासमोर सांगता येत नाही.

झटका आला तेव्हा तू दवाखान्यात येऊन गेलास, पण पुढचं तुला ठाऊक नाही. उजवा हात गेला, बोलणं गेलं, अक्षरंही गेली. पेन दिलं तर नुसत्या रेघा मारतात. डॉक्टरांनी चित्रांचा तक्ता दिला होता, ग्लास, ताट, पलंग असा. ह्यांनी तो भिरकावून दिला. मग एक दिवस डाव्या हाताने सिंथ चालू केला. नाटकांना पडद्यामागून आवाज देण्यात ह्यांचं आयुष्य गेलं. स्वतः बनवलेले बत्तीस आवाज त्या यंत्रात आहेत. ह्यांनी वादळाचं बटण दाबलं आणि पोटावर हात ठेवला. मी समजले काय ते, आणि भांडं घेऊन धावले.

तेव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं. खलनायक रंगमंचावर येतो तो आवाज म्हणजे डॉक्टर आले. भुताचं हसणं म्हणजे माझा भाऊ आला. भावाला वाटतं, त्याला बघून ह्यांना संगीत सुचतं.

पण पंधरा दिवस झाले, आवाज मध्येच थरथरतो, काही बटणं मुकी झालीत. तू लहानपणापासून ह्या यंत्राभोवती घुटमळणारा, आता अशी यंत्रं दुरुस्त करायचंच काम करतोस. दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही मी. लवकर कर रे.

तुझी काकू

ता. ६ फेब्रुवारी

ती. काकू,

नमस्कार. सिंथ सुखरूप पोचला. रजया झटकून, घड्या घालून परत पाठवतोय.

कालचा दिवस यंत्र उघडण्यातच गेला. प्रत्येक स्क्रू जिथून काढला त्या जागेचा आकडा लिहून वेगळ्या झाकणात ठेवला आहे. आमचे मालक मला हसतात. म्हणतात, "तू लग्नातसुद्धा पाहुण्यांना नंबर देशील." बटणांखाली धूळ आहे, ते काम सोपं. थरथर होते ती वीज पुरवणाऱ्या जुन्या भागामुळे. तोही बदलता येईल.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. आत बोटाच्या पेराएवढी एक बॅटरी असते. यंत्र बंद असताना काकांचे बत्तीस आवाज तिच्याच जोरावर टिकतात. ती पाझरायला लागली आहे, आणि तो पाझर बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खातो. अजून थोड्या दिवसांनी बोर्डच गेला असता. ती काढावीच लागेल, आणि काढली की आवाज पुसले जातात. पण घाबरू नकोस. आमच्या दुकानात नियमच आहे, आधी कॅसेट, मग बॅटरी. यंत्राच्या पाठीमागून सगळे आवाज टेपरेकॉर्डरवर उतरवायचे. ते आवाज म्हणून नाही उतरत, नुसती एक लांब किंकाळी ऐकू येते. नवी बॅटरी बसवली की तीच किंकाळी यंत्राला परत ऐकवायची. त्याला सगळं आठवतं.

काकांना सांग, मी कुठेही घाई करणार नाही. रविवारी सिंथ घरी.

बारक्या

ता. १२ फेब्रुवारी

चि. बारक्या,

रविवार आला तसा गेला. टेम्पोवाला रिकाम्या हाताने उभा राहिला आणि ह्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा पाणीही न पिता गेला.

हे दिवसभर रिकाम्या टेबलापुढे बसतात. डाव्या हाताचं बोट टेबलावर आपटतात. कुठलं बटण ते मला कळत नाही, सगळं लाकूडच की. मी अंदाजाने पाणी आणते, चादर काढते, खिडकी उघडते. दर वेळी नकाराची मान. मग मी चिडते. काल मी म्हणाले, "नक्की काय हवंय तुम्हाला?" आणि म्हटल्या म्हटल्या जीभ चावली. ते सांगता येत नाही हेच तर दुखणं आहे.

कालपासून तोंड मिटून घेतलंय. चमचा ओठांशी नेला की मान वळवतात. भूक नाही असं नाही. रुसलेत. माझ्यावर की तुझ्यावर, देव जाणे.

काय अडलंय ते कळव.

काकू

ता. १३ फेब्रुवारी

ती. काकू,

नमस्कार. उशीर झाला, क्षमा कर. एक भाग मिळायला अडचण आहे. बाकी सगळं काम झालं आहे, बटणं साफ झाली, थरथर गेली.

आता शेवटची तपासणी उरली आहे. त्यासाठी तुझी मदत हवी. कुठलं बटण म्हणजे काय, आणि तो आवाज कसा होता, तुला जसा ऐकू यायचा तसा सविस्तर लिहून पाठव. लहानमोठं काही सोडू नकोस. म्हणजे मला जुळवून बघता येईल.

काकांनी काहीतरी खाल्लं असेल अशी आशा करतो.

बारक्या

ता. १५ फेब्रुवारी

चि. बारक्या,

माझी परीक्षा घेतोस की काय? मला सूर-ताल यातलं ओ की ठो कळत नाही, लग्नात हे म्हणाले होते की हिचा कान म्हणजे नुसता डूल अडकवायची जागा. तरी लिहिते.

पाण्याचा आवाज, ओट्यावरून वाटी पडते, घरंगळत जाते आणि शेवटी जागच्या जागी गरगरून थांबते, तसा. भुकेचा, म्हातारी म्हैस चिखलातून पाय उपसते तसा. खलनायक म्हणजे जड बूट घालून कुणी जिना उतरतंय आणि प्रत्येक पायरीवर विचार करतंय. वादळ म्हणजे मोठी चादर दोघांनी धरून झटकावी. बाहेर जायचं असलं की लोखंडी दार उघडायचं, पण अर्धंच, पुढे अडकल्यासारखं. कंटाळा आला की डास कानाशी येतो तसा, एकदम बारीक, आणि हे तो बंदच करायचे नाहीत. भूत माझ्या भावासारखंच, नाकातून. झोपेचा आवाज मला आवडायचा. रिकाम्या घरात पलीकडच्या खोलीत कुणीतरी गुणगुणतंय असा.

राहिलं पहिलं बटण. त्याने मला बोलवायचे. तो मला सांगता येत नाही रे. दोन दिवस आठवतेय. तो वाजला की मी हातातलं टाकून उठायचे. ऐकत कोण बसतंय? जन्मात ह्यांनी मला नावाने हाक मारली नाही, "अगं" वर भागवलं. तो आवाज म्हणजे तेच "अगं" होतं. एवढंच मला ठाऊक.

आता माझं ऐक. चार दिवस पोटात काही नाही. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस बघू, नाहीतर नाकातून नळी घालू. तुझं यंत्र अर्धवट असेल तर अर्धवट पाठव. दोन बटणं वाजत असतील तर दोन. मी त्या दोनांत भागवीन. मी हात जोडते.

काकू

ता. १६ फेब्रुवारी

ती. काकू,

नमस्कार. पत्र मिळालं, फार उपयोग झाला. थोड्या शंका आहेत. वाटी घरंगळते ती रिकामी, की तळाशी थोडं पाणी असलेली? शेवटी गरगरताना वेग वाढत जातो की कमी होतो? म्हशीचा पाय एकदम सुटतो, की हळूहळू? गुणगुणणारा माणूस पुरुष वाटतो की बाई?

पहिल्या बटणाचं थोडं तरी आठव. सूर वर चढायचा की खाली यायचा? लांब की तुटक?

अर्धवट काम पाठवता येणार नाही. काकांचे कान मला माहीत आहेत, जरा इकडचं तिकडे झालं तरी त्यांना कळेल. अजून फक्त तीन-चार दिवस दे. डॉक्टरांना थांबायला सांग.

बारक्या

ता. १८ फेब्रुवारी

बारक्या,

काल नळी घातली. हे एका हाताने झटापट करत होते म्हणून तो हात धरायला कुणीतरी लागत होतं. नर्स म्हणाली, तुम्ही धरा, तुमचं ऐकतील. मी धरला. ऐकलं नाही. मी जोर लावून धरला.

आता मला खरं सांग. इस्त्रीला शर्ट दिला तर इस्त्रीवाला विचारत नाही की बाई, शर्टाचा रंग कोणता होता. विचारलं म्हणजे शर्ट जळाला. माझी शाळा चौथीत सुटली, तुझी नववीत, दोघंही बिनशिकलेले, पण एवढं मला कळतं. मी तीनदा फोन केला. ह्यांना ऐकू जाईल याचीही पर्वा केली नाही. तू उचलला नाहीस.

आवाज गेले ना?

त्या यंत्रात माझा नवरा होता. दुसरीकडे कुठेही शिल्लक नव्हता. आणि तू मला म्हशीचा पाय कसा सुटतो ते विचारतोस!

काकू

ता. १९ फेब्रुवारी

ती. काकू,

गेले. सगळे, बत्तीसच्या बत्तीस.

मी नियम मोडला नाही. आधी कॅसेट केली. नवी कोरी कॅसेट घेतली, रेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसलं. आणि टेप स्वच्छ यावी म्हणून टेपरेकॉर्डरचं खरखर घालवणारं बटण चालू केलं. गाण्याला ते चांगलं असतं. पण काकांच्या यंत्राची किंकाळी ही त्या बटणाला खरखरच वाटली आणि त्याने ती निम्मीअधिक गाळून टाकली. मी टेप कानाने ऐकली. मला ती फार सुरेख वाटली.

बॅटरी काढण्याआधी टेप यंत्राला परत ऐकवून बघायला हवी होती. मी बघितली नाही, कारण भीती वाटली की ऐकवताना काही चुकलं तर आत आहेत ते आवाजही बिघडतील. म्हणून जपून बॅटरी काढली. नवी बसवली, टेप लावली, आणि यंत्राने पडद्यावर एक आडवी रेघ दाखवली. म्हणजे त्याला काही कळलं नाही. तीच टेप मी वेगवेगळ्या सहा रेकॉर्डरांवरून ऐकवली. रेघच.

मालक ओरडले नाहीत. तेच जास्त लागलं. नुसतं म्हणाले, "नाक पूस म्हटलं तर नाक कापून आणणारा तू." मग माझ्या शेजारी बसून त्यांनीही दिवसभर ती टेप लावून पाहिली.

मी तुला भाग मिळत नाही म्हणून खोटं लिहिलं. मला वाटलं, तुझ्या वर्णनावरून सगळे आवाज पुन्हा बनवीन आणि कुणाला कळणारही नाही. काका उपाशी आहेत हे वाचूनही मी वाटीचं गरगरणं नीट करत बसलो. नळी घातली ती माझ्यामुळे. तुला हात धरावा लागला तोही माझ्यामुळे.

सिंथ आजच पाठवतोय. तू लिहिलेले आठ आवाज भरले आहेत. ते काकांचे नाहीत. पहिल्या बटणावर मला काही करता आलं नाही, तिथे नुसता कोरा सूर आहे. उरलेली बटणं गप्प आहेत. आता पुन्हा काहीही पुसलं जाणार नाही याची मात्र तजवीज केली आहे.

हे पत्र काकांना वाचून दाखव. मला समोर येऊन सांगायला हवं होतं. धीर होत नाही.

बारक्या

ता. २४ फेब्रुवारी

चि. बारक्या,

घाईत लिहितेय, टेम्पोवाला दारात उभा आहे.

सिंथ आला त्याच दिवशी तुझं पत्र वाचलं. हे डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर मी म्हटलं, "पोराने चूक कबूल केलीय." डोळे उघडले नाहीत. तासाभराने स्वतःच हात लांब करून यंत्र चालू केलं आणि पाण्याचं बटण दाबलं. तुझी वाटी घरंगळली. ह्यांचं तोंड वाकडं झालं, खांदे हलायला लागले. म्हशीवर तर असे हलले की नळी निघते की काय असं वाटलं. हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणालेच होते की या आजारात दोन्हींची वाट एकच होऊन जाते. मग माझ्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं तुला हे असं ऐकू येत होतं का, असं काहीतरी त्या बघण्यात होतं.

मी आपली पाणी घेऊन गेले. ढकललं. पुन्हा बटण, पुन्हा मी, पुन्हा ढकललं. तिसऱ्यांदा अंगावर ओरडले, म्हणजे घशातून जो निघतो तो आवाज. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते पाणी मागतच नव्हते. आवाज वाईट झालाय म्हणत होते. नाटकवाल्यांवर ओरडायचे ना, तसं.

मग माझं मनगट धरून हात एका फिरत्या गुंडीवर ठेवला. ज्या यंत्राजवळ मला तीस वर्षं उभं राहू दिलं नाही, त्यावर! मनगट दाबलं की फिरवायचं, सोडलं की थांबायचं. आधी मी फार फिरवायचे, हे चिमटा काढायचे. हात काळानिळा झालाय. पहिलंच बटण घेतलं ह्यांनी, तुझा कोरा सूर. पहिला दिवस नुसता कुत्रं विव्हळल्यासारखा गेला. मी रडले, हे चिडले, भाऊ आला तो घाबरून परत गेला.

काल दुपारी एक आवाज जमला. जुना नाही. जुना मला आठवत नाही, आणि मला वाटतं त्यांनाही आठवत नाही. पण तो वाजला तेव्हा ह्यांनी माझा हात गुंडीवरून उचलला आणि बाजूला ठेवला. संध्याकाळी मी आतल्या खोलीत होते. तो वाजला आणि मी उठून त्यांच्यापुढे येऊन उभी राहिले, तेव्हा मला कळलं की मी उठलेय. काही हवं नव्हतं. सहज वाजवला होता.

आता तो साठवायचा कसा? तू लहान असताना हे कुठलं बटण दाबायचे ते लांबून पाहिलेलं आठवून मी दाबलं, तर पडद्यावर तुझी ती आडवी रेघ. कालपासून यंत्र बंद केलेलं नाही. वरचा भाग तव्यासारखा तापलाय. सकाळपासून दिवे दोनदा मंद झाले. मी दुसऱ्या खोलीतला पंखासुद्धा लावत नाही, शेजाऱ्यांना पंप लावू नका म्हणून सांगून आले, त्यांना वाटतं मलाही झटका आलाय. हे यंत्रावर हात ठेवून बसलेत, झोपतही नाहीत. नळी अजून आहे, पण आज सकाळी चार चमचे सूप तोंडाने घेतलं. हा आवाज आता गेला तर पुढे काय होईल ते मला बघायचं नाही.

फोन उचल, भित्र्या. नाहीतर ये.

काकू

ता. २४ फेब्रुवारी, टेम्पोत

ती. काकू,

फोनवर मी "कशालाही हात लावू नकोस" एवढंच बोललो आणि माझी दातखीळ बसली. म्हणून उरलेलं इथे लिहितोय. टेम्पोवाला म्हणतो, "पत्र लिहिणारा शेजारी, नेणारा मी, मग तिकीट कुणाला लावायचं?" पण हात रिकामे राहिले की मला घाम फुटतो.

ती रेघ माझ्यामुळे येतेय. पुन्हा काही पुसलं जाऊ नये म्हणून यंत्राच्या मागचा छोटा खटका मी कुलपाकडे करून ठेवला होता. तो उलटा केला की आवाज साठवता येतो. पण साठवताना बटणांचा क्रम चुकला, आकड्याचं एखादं बटण आधी दाबलं गेलं, तर तुम्ही केलेला आवाज तिथल्या तिथे जातो. म्हणून फोनवर सांगायचा धीर झाला नाही. या वेळी नेमकं काय दाबायचं ते मी मालकांसमोर तीनदा करून दाखवलं आणि तिन्ही वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी यंत्रावर.

आत्ता ज्या वस्तीतून चाललोय तिथे वीज नाही. दुकानांत मेणबत्त्या आहेत. तुमच्याकडे हीच लाइन येते का, असं टेम्पोवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मी पेट्या वाहतो, वीज नाही."

तुमच्याकडेही गेली असेल तर यंत्र गप्प झालं असेल, आणि काका काय करत असतील याचा विचार मी करत नाहीये. पण काकू, त्यांना सांग. मोठ्याने सांग. कोरा सूर मी भरलाय, तो मला पाठ आहे. त्यावर तुम्ही दोघांनी जे केलं ते यंत्राच्या पोटातून गेलं तरी गुंड्या जागच्या जागी असतील. जिथे त्यांनी तुझा हात उचलला तिथेच. कुठल्या कुठल्या फिरवल्या ते तुझ्या हाताला आठवेल. त्यांच्या जागा मी वाचून घेईन.

तोवर गुंड्यांजवळ कुणाला येऊ देऊ नकोस. डॉक्टरांना नको, भावाला नको. फडकंसुद्धा मारू नकोस.

पुढच्या वळणाला तुमची गल्ली दिसते, असं टेम्पोवाला म्हणतो. अजून दिसत नाही. अंधार आहे.

बारक्या